फळमाशीचे नाव घाईने लिहू नका

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केले. आंब्याबरोबर कारले, पडवळ, वांगे आणि अळू यांनाही. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या, हे त्याचे कारण. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली, पण तोवर निर्यातीचा एक अख्खा हंगाम हातचा गेला. त्या काळातल्या बातम्यांत ‘फळमाशी’ एवढाच मोघम उल्लेख असे, जणू ती एकच एक माशी आहे. प्रत्यक्षात कारल्यातली अळी आणि हापूसमधली अळी सहसा दोन वेगळ्या प्रजातींची असते. त्यांची पिके वेगळी आणि सापळ्यात घालायचे आमिषही वेगळे. म्हणजे कोणती माशी कुठे आहे, हा केवळ हौशी अभ्यासकाचा प्रश्न नाही. तरीही ज्यांना तो विचारावासा वाटतो, त्यांच्यातले पुष्कळजण पहिल्याच पायरीवर चुकतात. सापळ्यात माशी दिसली की आधी नाव लिहितात आणि मग जमल्यास पुरावा ठेवतात. क्रम उलटा हवा. ज्या नोंदीवरून दुसऱ्या कुणाला तुमचे म्हणणे तपासता येईल आणि गरज पडल्यास खोडूनही काढता येईल, तीच नोंद कामाची. बाकी सगळे ऐकीव. बागायतदार, कृषी महाविद्यालयातले विद्यार्थी, शिक्षक आणि निसर्गाची आवड असलेले वाचक यांच्यासाठी पुढचे सगळे विवेचन या एका सूत्रावर चालते.

सुरुवात आंब्याच्या मुख्य शत्रूपासून करू. तिचे शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. हेन्डेल यांनी १९१२ साली फोर्मोसा, म्हणजे आजच्या तैवानमधल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी, दोन-तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची चिलटे ही नव्हेत. त्यांचे कुळच निराळे. आपली फळमाशी सात-आठ मिलिमीटरची, अंगाने भरलेली आणि पहिल्या नजरेत लहानशा गांधीलमाशीचा भास देणारी असते. दहापट भिंगाखाली तिच्याकडे समोरून पाहा. चेहऱ्यावर खालच्या बाजूला दोन सुटे, काळे, लंबगोल ठिपके दिसतात. आता पाठीवर या. छातीचा वरचा भाग बहुतेक काळा असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना एकेक रुंद पिवळा पट्टा असतो. मधोमध तिसरा पट्टा नसतो. छातीच्या शेवटी पिवळा धमक त्रिकोणी भाग. पंख पारदर्शक, त्यांच्या वरच्या कडेने टोकापर्यंत न तुटता गेलेली अरुंद तपकिरी पट्टी. उदर नारिंगी-तपकिरी आणि त्यावर एक आडवी व एक उभी काळी रेघ मिळून इंग्रजी ‘टी’ अक्षर. मादीच्या उदराचे टोक निमुळते होऊन त्यात अंडी घालायची सुई असते, नराचे टोक बोथट असते. या खुणा एकेकट्या कुचकामी आहेत. सगळ्या एकाच माशीवर, एकाच वेळी दिसल्या तरच त्यांना किंमत.

एकेकटी खूण का चालत नाही, हे तिच्या शेजारणींकडे पाहिले की कळते. बॅक्ट्रोसेरा झोनाटा पेरूवर आणि आंब्यावरही येते. तिची छाती तांबूस असते आणि पंखाच्या कडेची पट्टी मध्येच तुटून टोकाला नुसता एक ठिपका उरतो. बॅक्ट्रोसेरा करेक्टाच्या पंखावरही तसाच ठिपका असतो, पण तिची छाती काळी, आणि चेहऱ्यावरचे दोन ठिपके आडवे पसरून एकमेकांना भिडायला आलेले. दक्षिण भारतात आढळणाऱ्या बॅक्ट्रोसेरा कॅरिएच्या छातीवरचे पिवळे पट्टे अरुंद असतात आणि मांड्यांवर गडद डाग असतात. वेलभाज्यांवरची झ्युगोडॅकस कुकर्बिटे त्या मानाने सोपी: तांबूस छातीवर दोनाऐवजी तीन पिवळे पट्टे, आणि पंखावर कडेच्या पट्टीखेरीज आतल्या शिरांवरही तपकिरी छटा. आता अडचण अशी, की डॉर्सॅलिसच्या छातीचा रंग सगळीकडे सारखा काळा नसतो. तो काळ्यापासून तांबूस तपकिरीपर्यंत बदलतो, उदरावरचा ‘टी’ कधी ठसठशीत तर कधी पुसट असतो. शिवाय कोषातून नुकतीच बाहेर पडलेली माशी कोणत्याही प्रजातीची असो, फिकट आणि पिवळसरच दिसते. पावसात भिजून आठवडाभर सापळ्याच्या तळाशी पडलेल्या माशीचे रंगही विश्वासाचे राहत नाहीत. म्हणून नाव लिहिताना तीन पायऱ्या ठेवा. चेहरा, छाती, पंख आणि उदर या चारही जागा स्वच्छ दिसल्या आणि जुळल्या तर प्रजातीचे नाव लिहा. पंखाची पट्टी न तुटलेली आहे, पण बाकी खुणांबद्दल शंका आहे, तर ‘डॉर्सॅलिस गट’ एवढेच लिहा. तेही नक्की नसेल तर ‘बॅक्ट्रोसेरा’ लिहून थांबा. थांबण्यात कमीपणा नाही. अर्धवट नाव पुढे पूर्ण करता येते, पण आत्मविश्वासाने लिहिलेले चुकीचे नाव पुढच्या दहा जणांच्या यादीत जसेच्या तसे उतरते.

हा आग्रह अति वाटत असेल तर आफ्रिकेतली हकिगत पाहा. २००३ साली केनियात एक परकी फळमाशी सापडली आणि पाहता पाहता सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या देशांमध्ये आंब्याला तिने पळता भुई थोडी केली. ती डॉर्सॅलिससारखी होती, पण छातीचा रंग बदलता होता. तशाच माश्या श्रीलंकेतही मिळाल्या. २००५ साली तिला बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडेन्स हे नवे नाव मिळाले. पुढे अनेक देशांतल्या संशोधकांनी शरीराची मापे, जनुके, नर-मादीचा संकर आणि नरांचे गंध अशा सगळ्या बाजूंनी तुलना केली आणि २०१५ मध्ये असे मांडले, की इन्व्हेडेन्स आणि आग्नेय आशियातली पपाये या वेगळ्या प्रजाती नाहीतच, त्या डॉर्सॅलिसच. सगळ्याच वर्गीकरणतज्ज्ञांना हे पटले असे नाही, तरी आज बहुतेक ठिकाणी हाच निर्णय धरून काम चालते. यात आपल्यासाठी धडा आहे तो नोंदीचा. दहा वर्षांत एकाच माशीचे नाव दोनदा बदलले. ज्यांनी नमुने टाचून, चिठ्ठी लावून ठेवले होते त्यांच्या नोंदी नव्या नावाखाली सरळ हलवता आल्या. ज्यांच्याकडे वहीत फक्त नाव होते, त्यांच्या हाती एक जुने नाव राहिले आणि ते कोणत्या माशीला दिले होते हे सांगायला काही उरले नाही.

इथे पहिला आक्षेप हमखास येतो: आता डीएनए तपासणी आहे, मग भिंग आणि टाचणीचा खटाटोप कशाला? तपासणी उपयोगाची आहे, विशेषतः अळीच्या बाबतीत, कारण अळी पाहून प्रजाती ओळखणे जाणकारालाही अवघड जाते. पण बारकोड म्हणून जनुकाचा जो ठरावीक तुकडा वाचतात, तो नेमका डॉर्सॅलिस गटातल्या जवळच्या प्रजाती खात्रीने वेगळ्या करू शकत नाही. दुसरे असे, की तुमचा तुकडा ज्या साठ्यातल्या नोंदींशी ताडून पाहायचा, त्या नोंदींना नावे माणसांनीच दिलेली असतात. तिथे नाव चुकले असेल तर यंत्र ती चूक इमानेइतबारे तुम्हाला परत देते. दुसरा आक्षेप फोटोचा. मोबाइलचे कॅमेरे चांगले झाले आहेत हे खरे, पण पानावर बसलेल्या माशीचा वरून घेतलेला एक सुंदर फोटो चेहऱ्यावरचे ठिपके दाखवत नाही आणि मिटलेल्या पंखांखाली उदर झाकलेले असते. फोटोवरच भागवायचे असेल तर चार घ्या: समोरून चेहरा, वरून छाती, पांढऱ्या कागदावर सपाट पसरलेला पंख आणि वरून उदर, बाजूला मिलिमीटरची पट्टी ठेवा. असे चार फोटो घ्यायला माशी बहुधा मेलेलीच लागते, आणि मेलेली माशी हातात असेल तर ती जपून ठेवायला हरकत कसली? तिसरा आक्षेप जीव घेण्याचा. तो मनापासून घेतलेला असतो, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवे. ज्या बागेत नियंत्रणासाठी सापळे आधीच टांगलेले आहेत, तिथे माश्या मरतच आहेत. त्यांतल्या काही वाया न घालवता जपणे एवढेच आपण करतो. फळांतून माश्या मिळवताना दहा-वीस नमुने पुरतात. शेकड्यांनी मारण्याचे कारण नाही.

सापळा म्हणजे काय आणि तो काय सांगत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण नोंदींतले सर्वात मोठे गैरसमज इथेच होतात. पुसा येथे काम करणाऱ्या हाउलेट या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये लिहिले, की सिट्रोनेला तेलाच्या वासाला फळमाश्या येतात आणि त्या सगळ्या नर असतात. पुढे त्यामागचा मुख्य घटक मिथाइल युजेनॉल असल्याचे त्यानेच दाखवले. हा घटक तुळशीतही असतो, त्यामुळे तुळशीवर कधीकधी नर बसलेले दिसतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या आणि कोकणात घरोघरी माहीत असलेल्या ‘रक्षक’ सापळ्यामागे हेच तत्त्व आहे. डॉर्सॅलिस, झोनाटा, करेक्टा आणि कॅरिए या चौघींचे नर मिथाइल युजेनॉलला येतात, तेव्हा आंब्याच्या बागेतल्या सापळ्यातला ढीग एकाच प्रजातीचा असेलच असे नाही. न निवडता मोजलेला आकडा कोणत्याच माशीचा नसतो. कुकर्बिटेचे नर मात्र क्यू ल्यूर या दुसऱ्याच आमिषाला येतात. कारल्याच्या मांडवात आंब्याचा सापळा टांगून ‘माशी नाही’ असा शेरा लिहिणे म्हणूनच निरर्थक आहे. वांगी-मिरचीवर येणारी बॅक्ट्रोसेरा लॅटिफ्रॉन्स तर या दोन्ही आमिषांना दाद देत नाही. आणखी एक मर्यादा: वासावर नर शेकडो मीटर अंतरावरून येतात. म्हणून सापळ्यातला नर एवढेच सांगतो, की तो त्या परिसरात होता. त्या बागेत, त्या फळात त्याची पैदास झाली, हे त्यावरून सिद्ध होत नाही. नोंदीत आमिषाचे नाव, सापळा कोणत्या तारखेला लावला आणि कोणत्या तारखेला काढला हे नसेल, तर त्या नोंदीचे पुढे काहीच करता येत नाही.

पैदाशीचा पुरावा हवा असेल तर फळाकडे वळावे लागते, आणि हे काम घरच्या व्हरांड्यात होण्यासारखे आहे. झाडाखाली पडलेली किंवा झाडावरची डंख लागलेली फळे गोळा करा. प्रत्येक झाडाची फळे वेगळी ठेवा, त्यांची संख्या आणि वजन लिहा. प्लास्टिकच्या टबात चाळलेल्या, किंचित ओलसर वाळूचा बोटभर जाडीचा थर घाला, त्यावर जाळी, जाळीवर फळे आणि वरून मलमलचे कापड घट्ट बांधा. कापड सैल राहिले तर चिलटे आत शिरतात आणि सगळी मेहनत त्यांच्या संगोपनात जाते. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडते आणि अंगाची कमान करून टुणकन उडी मारते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटते. ती वाळूत शिरून कोषात जाते. कोष तांबूस-तपकिरी, गव्हाच्या दाण्याएवढा असतो. हवा उबदार असेल तर साधारण एक-दोन आठवड्यांत माशी बाहेर येते. इथे घाई करू नका. बाहेर आलेल्या माश्यांना साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा द्या आणि चार-पाच दिवस जगू द्या, म्हणजे अंगावरचे रंग पक्के होतात. मग फ्रीझरमध्ये ठेवून मारा. काही माश्या टाचून सुकवा. प्रत्येकीचा एक पाय काढून ९५ टक्के अल्कोहोलच्या कुपीत ठेवलात तर पुढे डीएनए तपासणीची वाट मोकळी राहते आणि माशीही शाबूत राहते. कोषातून कधी माशीऐवजी बारीक परजीवी गांधीलमाशी निघते. ती फेकू नका. फळमाशीचा नैसर्गिक शत्रू कुठे आहे याची ती आयती नोंद असते. आणि चिठ्ठी पेन्सिलीने किंवा चिनी शाईने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग कुपीत माशी राहते, गाव जाते.

गावाबद्दल थोडे अधिक, कारण ‘कुठे’ हा प्रश्न ‘कोण’इतकाच दगा देतो. महाराष्ट्रात एकाच नावाची गावे किती आहेत हे सांगायला नको. नुसते ‘पिंपळगाव’ किंवा ‘वडगाव’ लिहिले तर ते कोणते हे दहा वर्षांनी लिहिणाऱ्यालाही आठवणार नाही. गाव, तालुका, जिल्हा, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि अक्षांश-रेखांश लिहा. अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीने चार स्थळांपर्यंत पुरतात. तेवढ्याने जागा सुमारे ११ मीटरच्या आत येते. गावाच्या मध्यबिंदूवरून अंदाजे घेतले असतील तर तसे लिहा, उगाच सहा स्थळे लिहून अचूकतेचा देखावा करू नका. क्रम सांभाळा: आधी अक्षांश, मग रेखांश. रत्नागिरी साधारण १६.९९ उत्तर, ७३.३१ पूर्व. हे दोन आकडे उलटे पडले तर आपली माशी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. नकाशावर ती चूक निदान दिसते तरी. न दिसणारी चूक बाजारातल्या फळाची. वाशीच्या घाऊक बाजारात घेतलेल्या आंब्यात अळी निघाली, म्हणून ती वाशीची नोंद होत नाही. तिथे कोकणातला आंबा येतो तसा कर्नाटकातलाही येतो. विकत घेतलेल्या फळाची नोंद ‘बाजारातील माल, मूळ ठिकाण अज्ञात’ अशीच करावी आणि तिला प्रसाराच्या नकाशात जागा देऊ नये. हा नियम कठोर वाटतो, पण परदेशी बंदरावर पकडलेली एक अळी आणि एखाद्या तालुक्यात नांदणारी प्रजाती यांत फरक न केल्याने बागायतदाराचेच नुकसान होते.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. ही माशी भारतात सगळीकडे आहे हे ठाऊक असताना तिच्या नोंदी ठेवून काय साधणार? उत्तर असे, की ‘सगळीकडे’ ही नोंद नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावर ती वर्षभर असते की उन्हाळ्यातच चढून येते, आंबा संपल्यावर ती पेरू, पपई, जाम की देशी बदामावर तग धरते, एखाद्या जिल्ह्यात तिच्याबरोबर झोनाटा किती प्रमाणात आहे, यांची उत्तरे ‘सगळीकडे’ या शब्दात मिळत नाहीत. आणि बागेत सापळे कधी लावायचे हे त्या उत्तरांवरच ठरते. जिथे ती सापडत नाही, तिथल्या नोंदीला तर त्याहून मोल आहे. जपानने आपल्या नैर्ऋत्येकडच्या बेटांवरून ही माशी १९८६ पर्यंत आणि वेलभाज्यांवरची कुकर्बिटे १९९३ पर्यंत हद्दपार केली. हद्दपार झाली हे सिद्ध करायला त्यांच्याकडे काय होते? माशी न आलेले सापळे आणि अळी न निघालेली फळे, तारखेनिशी लिहिलेली. सापळा योग्य आमिषाचा होता, इतके दिवस टांगलेला होता, आणि त्यात शून्य माश्या आल्या, ही पूर्ण नोंद आहे. ती वहीत लिहायचा कंटाळा केला तर पुढे माशी आल्यावर ती कधी आली हे कुणालाही सांगता येणार नाही. केनियाला २००३ हे साल सांगता आले, कारण तिथे त्या वेळी कुणीतरी सापळे पाहत होते आणि जे मिळाले ते जपत होते.

नमुने गोळा झाले की ते स्वतःच्या कपाटात ठेवू नका. मुंग्या आणि बुरशी त्यांचा फडशा पाडतात. जवळच्या कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग, भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पुण्यातले केंद्र किंवा बंगळुरूचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो यांच्याशी आधी बोलून मगच ते पाठवा. कुणी ओळखले, कशावरून ओळखले आणि नमुना कुठे ठेवला, या तीन गोष्टी नोंदीत हव्यात. राखीव जंगलातून काही उचलायचे असेल तर वनखात्याची परवानगी लागते. जिवंत अळीची फळे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ नका. ज्या माशीचा प्रसार नोंदवायचा तिचा प्रसार आपणच करणे शोभत नाही. काम संपल्यावर टबातली उरलेली फळे आणि वाळू काळ्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवा आणि मगच टाका. आणि सुरुवातीला आंब्याच्या मोसमाची वाट पाहू नका. आंब्याच्या दिवसांत या माशीकडे सगळ्यांचे लक्ष असतेच. ऑगस्टमधला पेरू आणि डिसेंबरमधला देशी बदाम तुमच्या गावात कुणी तपासला आहे का ते विचारा, आणि नसेल तर तिथून आरंभ करा.